छाती म्हणायची लाज

सरळच लिहितो. माझ्या आईने 'छाती' हा शब्द माझ्यासमोर कधी उच्चारला नव्हता. वडिलांसमोरही नसावा. त्या लाजेपायी ती आमच्या हातून जाता जाता राहिली.

आम्ही गुजरातेत, डिंडोलीला राहतो. वडील उधन्याला लूमवर कापड विणतात. आई घरी धागाकटिंग करते, म्हणजे तयार साडीचे लोंबते धागे कात्रीने कापायचे, घडी घालायची, गठ्ठा परत करायचा. मी आणि माझे काही मित्र वस्तीत पत्रकं वाटतो. गटार, पाणी, पगारी सुट्टी, आजारपण, जे दिसेल त्यावर. छातीच्या दुखण्यावरचं पत्रक मीच लिहिलं होतं. वर चित्र होतं, टाय लावलेला जाडा माणूस आणि त्याचा छातीवर हात. आमच्या सोसायटीत टाय फक्त शाळेतली पोरं लावतात.

त्या सकाळी वडील कामावर गेले होते. आई साड्यांच्या ढिगात बसली होती, पण कात्री चालत नव्हती. पंखा डोक्यावर गरगरत होता आणि तिचं कपाळ घामाने डबडबलेलं.

"आई, काय होतंय?"

"काही नही. दाढ दुखी ऱ्हायनी." ती घरात अहिराणीच बोलते. मी शाळेत गेलो आणि माझी अर्धीमुर्धी राहिली.

"कुठली दाढ?"

"हाई, खालनी. आनि गॅस व्हयेल शे."

शेजारच्या काकू ओवा घेऊन आल्या. आईने तो चघळला आणि एक मोठा ढेकर दिला.

"झालं बघ मोकळं!" काकू खूश. आमच्या गल्लीत ढेकर म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट.

पण घाम थांबेना. डावा हात मांडीवर टाकून दिल्यासारखा पडला होता, बोलताना दम तुटत होता. छातीत दुखायला कारणं पुष्कळ असतात. पित्त होतं, गठ्ठा उचलताना स्नायू धरतो, खोकून खोकून बरगड्या दुखतात, भीतीनेही धडधडतं. पण यातलं कोणतं, ते ओवा खाऊन ठरत नाही. दुखणं जबड्यात, पाठीत, हातात सरकतं. बायकांना तर कधीकधी कळ येतच नाही, नुसतं गळून जायला होतं, मळमळतं, दम लागतो. हे सगळं मला पाठ होतं, आणि आता ते माझ्यासमोर साड्यांत बसून दाढ दाढ म्हणत होतं. मी एकशेआठला फोन लावला.

"थांब, साडी बदलू दे माले. हाई साडीवर दवाखानामा?"

"आई, गाडी निघालीये!"

"मंग? लोक काय म्हनतीन?"

हे लोक कोण, ते मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. शेवटी काकूंनी तिच्या खांद्यावर आपली शाल टाकली, तेव्हा ती गप्प झाली. गाडीवाल्यांनी तिला जिना चालत उतरू दिला नाही, खुर्चीत बसवून खाली आणलं. त्याचीही तिला लाज. सगळी गल्ली बघत होती ना.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने गुजरातीत विचारलं, "बेन, छातीमां दुखे छे?"

आईने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पदर नीट केला.

"ना. गॅस. दाढ."

'गॅस' लिहायला त्याचं पेन कागदावर टेकलं, आणि माझं डोकं फिरलं. "ती सांगणार नाही! घाम बघा तिचा, हात बघा! ईसीजीची पट्टी काढा आधी!" गुजराती, हिंदी, मराठी, तोंडाला येईल ते. सगळा हॉल वळून बघायला लागला.

एक वयस्कर सिस्टर आली. तिने मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि पडदा ओढला.

"ताई, आता आपण दोघीच," ती मराठीत म्हणाली. "कुठं दाटलंय? हात लावून दाखवा."

मी पडद्याला कान लावला. मग आईचा बारीक आवाज. "आठे. सकायपाशी. दगड ठेयेल सारखं."

लगेच ईसीजी काढला. मग डॉक्टरच धावत सुटला. हृदयाची रक्ताची एक नळी बंद होती. ती त्याच दिवशी उघडली. नंतर तो मला गुजरातीतच म्हणाला, बरं केलंत, वाट न बघता आणलंत. मला बरं वाटलं आणि चीडही आली. आईची नाही. मुलीला अंग झाकायला सगळे शिकवतात, तेच अंग दुखलं तर तोंडाने काय म्हणायचं, ते कुणी शिकवत नाही. पत्रकातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत एकेकालाच सोडत होते. वडिलांनी मला पुढे ढकललं, म्हणाले, "तू जा आधी, मला आत रडू येईल."

आई उशीला टेकून बसली होती. केस विस्कटलेले, ओठ कोरडे, डोळे मात्र नेहमीचेच.

"काल इतला लोकस्मा कितला आरडना रे तू! लाज नही वाटस तुले?"

"नाही."

"दिखी ऱ्हायनं."

सुई लावलेला हात तिने माझ्या हातावर ठेवला. मी हललो नाही, सुईला धक्का लागेल म्हणून.

"आते नही दुखस," ती म्हणाली.

"कुठं?"

"जाय, वात्रट!" तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. हसत होती. हात तसाच होता.