शुभेच्छुकांच्या रांगेतला फोटो

आमच्या घरमालकीण ताईंचं नाव मी लिहीत नाही. नाव आणि नंबर असा उघड्यावर टाकायचा नसतो, हे त्यांनीच मला शिकवलं. पण आज मी वसमतमध्ये सुखानं जेवते-झोपते ती त्यांच्यामुळं, म्हणून आधी त्यांचं सांगते. त्या शाळेत शिक्षिका आहेत. मी एकटी बाई, परमुलखातली, तरी ‘कुठली, कुणाची’ असं काही न विचारता त्यांनी मला मागची खोली दिली.

मी सांगलीकडची. आठवीत मामानं माझी शाळा बंद केली आणि अठरा पूर्ण होताच आपल्या भागीदाराशी लग्न ठरवलं. तो माणूस मामाच्याच वयाचा. मी घर सोडलं. ओळखीनं इथं हळद निवडायचं काम मिळालं. आमच्याकडचे ट्रक हळद न्यायला इथंच येतात, हे मात्र इथं आल्यावर कळलं. मामाचाही एक येतो. तेव्हापासून माझा जीव टांगणीला. बरं एवढंच, की हळदीचा धुरळा नाकात जातो म्हणून सगळ्याच बायका तोंडाला ओढणी बांधतात. त्यात मीही एक.

स्टँडाजवळ एका पुढाऱ्याचं संपर्क कार्यालय आहे. संपर्क कुणाचा कुणाशी होतो, देवाला माहीत. पायऱ्यांवर दिवसभर माना खाली घातलेली माणसं बसलेली असतात, कारण तिथं फुकट वायफाय आहे. गावाकडं धाकटी बहीण शेजारणीच्या फोनवरून मला व्हिडिओ कॉल करायची आणि माझं नेट मधेच संपायचं. म्हणून मीही गेले.

आत साहेबांचा पुतण्या खुर्चीत आडवा पडलेला. नाव सांग, मूळ गाव सांग, नंबर दे, एक फोटो व्हॉट्सॲपवर टाक. मग मोठ्या ऐटीत त्यानं पासवर्ड दिला. पासवर्ड काय, तर साहेबांची जन्मतारीख! तीच तारीख चौकाचौकात फ्लेक्सवर लटकलेली. एवढी अक्कल खर्च करून ही माणसं जनतेची सेवा करतात. मीही काही शहाणी नव्हते, मजुरी जमा झाली का बघायला बँकेचं ॲपही त्याच पायऱ्यांवर उघडायची.

वाढदिवस जवळ आला तसा स्टँडासमोर नवा फ्लेक्स लागला. काळा चष्मा लावलेले, कानाला फोन लावलेले साहेब, आणि त्यांच्या पायाशी शुभेच्छुकांच्या रांगा. तिसऱ्या रांगेत मी. ओढणीशिवाय, उघड्या तोंडानं. खाली माझं नाव, माझं गाव, माझा नंबर. पार सांगलीपर्यंत आपले चाहते आहेत, हे साहेबांना दाखवायचं होतं म्हणे. त्या माणसाला मी आयुष्यात एक शुभेच्छा दिलेली नाही.

फोन सुरू झाले. कुणी ‘मैत्री करता का’ विचारी, कुणी नुसता श्वास सोडी. असल्यांची किळस येते, भीती नाही. भीती एकच होती : मामाचा ट्रक स्टँडावरूनच जातो. मी ताईंसमोर रडले आणि सगळं सांगितलं.

ताई म्हणाल्या, “ज्या कुलपाची किल्ली चौकात टांगलीय, त्या घरात जाऊन तू बँकेचं ॲप उघडत होतीस?”

“व्हय, ताई.”

“धन्य आहेस. चल.”

कार्यालयात पुतण्या उठलाही नाही. “काहून चिडून राहिल्या मॅडम? लोकं फ्लेक्सवर यायला मागं लागतात. हिला आमी फुकट घेतलं.”

“तुमच्या आई दिसल्या न्हाईत फ्लेक्सवर,” ताई म्हणाल्या. “त्यांचा नंबर टाकायचा राहिला का?”

“आईचा काहून टाकू?”

“बराबर. मग हिचा काहून टाकला?”

पायरीवरचं कुणीतरी फिसकन हसलं. पुतण्याचे कान लाल झाले. “वाढदिवस होऊ द्या, मग काढू,” म्हणून त्यानं पुन्हा मोबाइलमध्ये तोंड खुपसलं.

ताईंनी वाद घातला नाही. दुकानातून स्वतःचा फोटो मोठा काढून आणला, खाली स्वतःचं नाव, स्वतःचा नंबर. ओळखीच्या वायरमनची शिडी मागितली.

“ताई, तुमचा नंबर कशाला? कोरा कागद चिकटवू.”

“कोऱ्या कागदाखाली काय आहे ते लोक खरवडून बघतात. माझ्याखाली कोणी बघणार न्हाई. अर्ध्या गावाचे कान पिळलेत मी.”

भर बाजारात साडीचा पदर खोचून त्या शिडीवर चढल्या आणि माझ्या तोंडावर आपलं तोंड चिकटवून खाली आल्या. घरी आल्यावर माझ्या फोनमधून ते वायफाय पुसून टाकलं, आपोआप जोडलं जायचं बटण बंद केलं, सगळे पासवर्ड बदलायला लावले. नवं सिम घेऊन दिलं. “बहिणीशी बोलायला माझं नेट घे,” म्हणाल्या. “पासवर्ड कुणाला सांगायचा न्हाई. माझ्या भावानं मागितला तरी न्हाई.”

दोनेक दिवसांनी कामावरून येताना मामाच्या ट्रकचा ड्रायव्हर दिसला. फ्लेक्सखाली उभा राहून, तंबाखू मळत रांगा वाचत होता. मी ओढणीआड, भाजीच्या गाड्याला धरून उभी. पहिली रांग, दुसरी, तिसरी. ताईंपाशी त्याची नजर जरा थांबली. ताई फोटोतही रागावलेल्याच दिसतात. त्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि निघून गेला.

आता ते रिकामटेकडे फोन ताईंना येतात. “कितवीत आहेस रे? बापाला फोन दे,” असं त्या खडसावतात आणि पोळी लाटायला लागतात. पण त्यांचा तो जुना नंबर, साऱ्या नात्यागोत्यात गेलेला, माझ्यापायी नासला.

ताई, मामाची भीती उरणार नाही असा दिवस येईल. त्या दिवशी तुमचा फोन मी माझ्या हातात घेईन आणि येणाऱ्या प्रत्येक फोनला माझं खरं नाव सांगून उत्तर देईन. तुम्ही निवांत पोळ्या लाटा.