बानाबाईची सदतीस मेलेली जनावरं

ढवळ्याच्या वाडीतली सदतीस जनावरं अंगदनं एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मारली, आणि मारून झाल्यावर खाली उतरून निवांत चहा प्यायला. आपण काय केलं हे त्याला आठ दिवसांनी कळलं.

अंगद मूळचा सोयगावचा. तिथल्याच शाळेत शिकला, तिथंच टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या आणि मुकुंदवाडीत एका संस्थेत संगणकावर बसला. झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे संस्था. गावोगावच्या बायकांना शेळ्यामेंढ्यांना जंताचं औषध पाजायला शिकवायचं, एवढंच तिचं काम. औषध सरकारचं, कष्ट बायकांचे. बायकांना पगार नाही. एक ओळखपत्र, एक निळी पिशवी आणि 'पशुसेविका' हे नाव मिळतं. बदल्यात त्यांनी दर महिन्याला सरकारला हिशोब द्यायचा. कुणाच्या घरी किती जनावरं, किती जणांना पाजलं, किती आजारी, किती मेली, बैठका किती घेतल्या, बैठकीचा फोटो, फोटोत बॅनर. जनावर पाजायला दीड मिनिट लागतं. ते पाजलं हे पटवून द्यायला अख्खी संस्था लागते.

त्या दिवशी महिन्याची पाच तारीख होती. संध्याकाळी पाचला हिशोबाचं सरकारी पोर्टल बंद होणार होतं, आणि सव्वाचारला अंगदच्या हातात ढवळ्याच्या वाडीचा कागद आला. बानाबाईनं पेन्सिलीनं भरलेला. सदतीस घरं, आणि सदतीसही घरांत एकच गंमत. घरात जनावरं चाळीस, औषध पाजलं एक्केचाळीसांना. घरात बावीस, पाजलं तेवीसांना. नसलेल्या जनावराला औषध पाजलेलं संगणकावरच्या या महिन्याच्या नव्या नमुन्याला चालत नाही, त्यामुळे प्रत्येक ओळ लाल.

"बाईला साधी वजाबाकी येत नाही," अंगद स्वतःशीच म्हणाला. वाडीला फोन लावला तर तिथं रेंज नाही. मग त्यानं शेजारचा रकाना पाहिला. 'चालू महिन्यात मृत.' त्यात त्यानं एक टाकला. एक्केचाळीस होती, एक मेलं, चाळीस उरली. ओळ हिरवी झाली. अंगदला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं, आणि त्यानं तेच आणखी छत्तीस वेळा केलं.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पाजलेल्यात देवाचं धरलं आहे, घरच्यात नाय.' ते त्यानं वाचलंच नाही. पोर्टलवर शेऱ्याला जागाच नव्हती. जिथं जागा नाही तिथलं वाचायची त्याला सवय राहिली नव्हती.

सरकारच्या वरच्या ऑफिसात मात्र आकडे वाचणारं कुणीतरी होतं. वाडीत औषध पाजलं आणि त्याच महिन्यात प्रत्येक घरात बरोबर एक जनावर मेलं, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. पत्र आलं. पशुसेविकेचं काम तत्काळ थांबवा, पिशवी आणि ओळखपत्र जमा करून घ्या, चौकशी होईल.

आता ही बानाबाई कोण, ते सांगायला हवं.

तिचं बालपण मेंढरांच्या मागं गेलं. बाप आठ महिने कळप घेऊन फिरायचा आणि घर गाढवावर लादलेलं असायचं. चौथीपर्यंतचं शिक्षण तिनं तीन तालुक्यांतल्या पाच शाळांत तुकड्या तुकड्यानं केलं. खुलताबादच्या वरच्या अंगाला ढवळ्याच्या वाडीत लग्न होऊन आली तेव्हा अक्षरं बरीचशी विसरली होती. अक्षरं परत आली लेकीमुळं. अक्षदा पहिलीला गेली तशी ही चुलीपुढं तिच्या पाटीवर बाराखडी गिरवू लागली. जनावराचं मात्र तिला कुणी शिकवलं नाही. कळपात लांबून नजर टाकून कुठलं जनावर आज चरलं नाही ते ती सांगते, आणि तिनं मान धरली की नाठाळ बोकडसुद्धा तोंड उघडतो. पाच वर्षांत एकही घर चुकलं नाही. हिशोबाचे नमुने मात्र या पाच वर्षांत सोळा वेळा बदलले. म्हणून ती पेन्सिल वापरते. पेनानं लिहिलेलं खोडता येत नाही, आणि सरकारचं काय, आज इचारतंय ते उद्या इचारंल याची खातरी नाय, असं तिचं म्हणणं.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन संस्थेत आली आणि बाकावर बसली. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब समोर होतेच.

"बानाबाई, सदतीस जनावरं? अहो, औषध पाजलं का विष?"

"कोणाची मेली, साहेब?"

"सगळ्यांची. घरटी एक."

"सकाळी तर सगळी चरायला गेलती," बानाबाई म्हणाली. "मेलेली कामून चरतील?"

"तुमच्याच कागदावर आहे."

"माझ्या कागदावर? दाखवा बरं."

तात्यासाहेबांनी अंगदकडं हात केला. अंगदनं फाईल उघडली, कागद काढला, आणि तळाची ती बारीक ओळ त्याला पहिल्यांदा दिसली. हस्ताक्षर कळलं नाही म्हणावं, पोर्टल अडकलं म्हणावं, अशी दोन-तीन वाक्यं त्याच्या डोक्यात तयार होती. बानाबाईनं पिशवी काढून टेबलावर ठेवली, ओळखपत्राची दोरी नीट गुंडाळून वर ठेवली, तसा अंगदनं कागद तिच्यापुढं सरकवला.

"म्या मारली, मावशी," तो म्हणाला. "मेलेल्याच्या रकान्यात एक-एक मीच टाकला."

"तू?" बानाबाईनं त्याला खालून वर न्याहाळलं. "अरे बाबा, लांडगा बी रातीतून एखादं नेतो. तू तर सदतीस नेली!"

"पण घरात चाळीस आणि पाजलं एक्केचाळीसांना, असं कसं होईल मावशी?"

"त्यातलं एक बिरोबाचं असतंय. घरटी एक जनावर देवाला सोडलेलं. ते आपल्या मोजणीत धरत नाय. धरलं की देवाच्या मालावर हक्क सांगितल्यासारखं व्हतंय. पण जंत काय देव बघून लागतेत का? म्हणून पाजायचं सगळ्याला. तू कोणाचा रं?"

अंगदनं गाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं.

"म्हंजी तुज्या आज्याची बी मेंढरं व्हती की! आन् तुला एवढं ठाव नाय?"

अंगदनं संध्याकाळी घरी फोन करून आईला विचारलं. आई म्हणाली, "व्हय, आपलं बी तसंच हुतं. तुला सांगितलं नाय का कधी?" त्यापुढं तिनं बराच वेळ दुसऱ्याच कुणाच्या लग्नाचं सांगितलं.

खरी अडचण पुढंच होती. औषधाचा दुसरा डोस पहिल्यानंतर एकविसाव्या दिवशी पाजायचा असतो. नऊ दिवस उरले होते. तो चुकला तर पहिल्याचाही उपयोग नाही, आणि वाडीत बानाबाईचं नाव निघणार ते वेगळंच. औषधाची पिशवी तर तात्यासाहेबांच्या कपाटात, कुलपात.

अंगदनं वरच्या ऑफिसातल्या श्रेया मॅडमना फोन केला. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना फक्त नियम पाठ होते.

"चूक तुमची आहे हे मी मान्य करते," त्या म्हणाल्या. "पण मृत जनावर जिवंत करायची सोय पोर्टलवर नाही. प्रत्येक मालकाचा सहीचा जबाब लागेल, की माझ्याकडे एकूण अमुक इतकी जनावरं आहेत आणि सगळी जिवंत आहेत. शिवाय जे मेलं म्हणताय, त्याचा मालकासह फोटो."

"फोटो आजचाच आहे हे कसं कळणार, मॅडम?"

हे विचारायची काही गरज नव्हती. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "बरोबर. हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र घ्या."

अंगद सकाळच्या बसनं खुलताबाद आणि तिथून चालत वाडीत. बानाबाईनं सगळ्यांना बिरोबाच्या ठाण्यापुढं गोळा केलं होतं. पुढं बसले होते कडूबा, वाडीतले सगळ्यात जुने मेंढपाळ. नात्यानं बानाबाईचे चुलत सासरे.

"बाबा, इथं दस्तखत करा," अंगद म्हणाला. "एकूण जनावरं एक्केचाळीस."

"चाळीस," कडूबा म्हणाले.

"आणि ते तिकडं उभंय ते?"

"ते देवाचं."

"पण आहे तर तुमच्याच वाड्यात ना?"

"माझ्या वाड्यात देव बी हाये. तो बी माझा म्हून लिव्हू का?"

मागं लोक हसले. अंगदनं आणखी चार घरं करून पाहिली. बावीस. एकतीस. अठरा. आपल्या आकड्यावरून कुणी एक पाऊल सरकेना. पुंजाराम, बानाबाईचा नवरा, तोसुद्धा मान हलवून बाजूला झाला.

"मामा, सही नाय केली तर औषध येणार नाय," बानाबाई म्हणाली.

"मग नाय येणार," कडूबा म्हणाले. "म्या काय आज देवाचं खायाला लागलो का, बाने?"

बानाबाईनं डोक्यावरचा पदर खसकन ओढला. गेले दोन-तीन दिवस ती सगळ्यांचं शांतपणे ऐकत होती. संस्थेचं, सरकारचं, सासऱ्याचं. आता तिचा जीव अगदी बेजार झाला.

"म्या तरी कोणाकोणाचं ऐकू? सरकार म्हणतं देवाचं मोज, तुमी म्हणता मोजू नको. जनावराच्या पोटात जंत बसलेत, ते कोणाची वाट बघतेत? पाच वर्षं झाली, म्या एकाचं बी फुकट खाल्लं नाय. औषध पाजायला एक दिवस जातो आन् कागदाला आठ. त्या आठ दिवसांत माझी सोताची शेरडं मला वळखंनात!" मग ती अंगदकडं वळली. "ज्याची हायेत त्याच्या नावावर लिव्ह ना. आमच्या गळ्यात कामून बांधतो?"

"कुणाच्या नावावर?"

"बिरोबाच्या. दुसऱ्या कोणाच्या?"

अंगदनं मोबाईलमध्ये उतरवून आणलेला नमुना उघडला. मालकाचा प्रकार: वैयक्तिक, बचत गट, देवस्थान, इतर. देवस्थान! हा पर्याय तिथं पहिल्यापासून होता आणि आजवर कुणी त्याला बोट लावलं नव्हतं. अडतिसावं घर, मालक बिरोबा देवस्थान, जनावरं सदतीस, औषध पाजलं सदतीसांना. कडूबांची चाळीसची चाळीस, मेलं कुणीच नाही. जबाबात आता एवढंच लिहायचं होतं, की देवाचं जनावर आमच्या राखणीत आहे आणि जिवंत आहे. कडूबांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि सही केली.

"राखणीत म्हंजी बरोबर हाये," ते म्हणाले. "राखणच करतो आमी."

मग फोटो. वाडीत वर्तमानपत्र येतं एकच, तेही किराणा दुकानात. मालकानं एका हातानं जनावराची मान धरायची, दुसऱ्या हातानं पेपर. पोलिसांनी पकडून आणल्यासारखे सगळे उभे. अकराव्या फोटोला बोकडानं पेपरचा वरचा कोपरा तारखेसकट खाल्ला. सकाळची ताजी तारीख त्याच्या दाढेखाली गेलेली सगळ्यांनी पाहिली. अंगद खुलताबादपर्यंत पायी जाऊन दुसरा पेपर घेऊन आला, तोवर जनावरं पांगली होती. शेवटचा फोटो निघाला तेव्हा साडेचार वाजले होते.

शेवटचे कडूबा. त्यांचं देवाचं जनावर म्हणजे एक म्हातारी मेंढी, एका डोळ्यानं अधू. कडूबांनी आधी तिचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. फोटो काढल्यावर मोबाईलमध्ये बराच वेळ पाहत राहिले.

"हा मला मिळंल का? कागदावर?"

"मिळंल की, बाबा. दोन दिवसांत पाठवतो."

संस्थेत परतल्यावर बिरोबाची नोंद भरताना पोर्टलनं मालकाचं शिक्षण विचारलं. अंगदनं 'लागू नाही' टाकलं. मोबाईल नंबर विचारला, तिथं मात्र 'लागू नाही' चालेना. वाडीतले सगळे नंबर आधीच कुणा ना कुणाच्या नावावर होते. अंगदनं स्वतःचा टाकला. ओळ हिरवी झाली. या वेळी त्यानं चहाआधी सगळं दोनदा वाचलं.

श्रेया मॅडमनी तिसऱ्या दिवशी मंजुरी दिली. तात्यासाहेबांनी कपाट उघडलं. बानाबाईनं ओळखपत्र गळ्यात घातलं, बाटल्या मोजून घेतल्या, पोचपावतीच्या तीन प्रतींवर सह्या केल्या आणि बस पकडली. एकविसाव्या दिवशी सूर्य वर यायच्या आत ती पहिल्या वाड्यात होती. त्यानंतर चौथ्या दिवशी कागद आला, पेन्सिलीनं भरलेला, अडतीस घरांचा. अंगदनं तळापासून वाचायला सुरुवात केली.

आता दर महिन्याच्या एक तारखेला त्याच्या फोनवर मेसेज येतो, की प्रिय पशुपालक बिरोबा, आपला अहवाल प्रलंबित आहे. बिरोबानं मासिक बैठकीचा फोटो जोडला नाही म्हणून दोनदा स्मरणपत्रही आलं. अंगदनं ते तात्यासाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "जोडून टाक काहीतरी." अंगद म्हणाला, "साहेब, काहीतरी टाकणं मी सोडलंय." मग शनिवारी तो पुन्हा वाडीत गेला, ठाण्यापुढं बैठक घेतली, बॅनरसकट.

कडूबा पहिल्या रांगेत होते. बैठक संपल्यावर ते काठी टेकत जवळ आले.

"आणला का?"

"काय, बाबा?"

"मेंढीचा फोटू."

अंगदनं डोक्याला हात लावला. संस्थेच्या प्रिंटरची शाई संपली होती. शाईच्या मागणीचा कागद तीन सह्यांसाठी महिनाभर टेबलावरून टेबलावर फिरत होता. खाली झेरॉक्सचं दुकान होतं, रोज तो त्याच्याच पायरीवरून वर जात होता.

"पुढच्या बारीला आणतो."

"मागल्या बारीला बी असंच म्हनलास," कडूबा म्हणाले.

बानाबाई पिशवी आवरत होती. "असू द्या मामा," ती म्हणाली. "त्याच्याकडं रकाना नसंल त्याचा."

अंगद बसमध्ये बसला तेव्हा त्यानं तळहातावर पेनानं 'फोटो' असं लिहिलं. मुकुंदवाडीला उतरेपर्यंत घामानं ते पुसलं होतं, आणि झेरॉक्सवाला शटर ओढून जेवायला गेला होता.