सातवी ‘ब’च्या सूचना, थोडक्यात

प्रिय आरव आणि मीरा,

माझ्या एका वाक्यामुळे एकदा शाळेच्या मैदानावर म्हैस धावली होती. एवढी वर्षं हे तुम्हाला लिहून कळवावं असं कधी वाटलं नाही. आज लिहिते आहे, त्याला कारण तुमच्या आईचा परवाचा फोन.

तुमची कॅनडातली शाळा दर आठवड्याला घरोघरी एक लांबलचक पत्र पाठवते म्हणे. सहल कधी, वाचनालयाची पुस्तकं कधी परत करायची, कोणाचा एकच हातमोजा सापडलाय, डोक्यात उवा झाल्या तर काय करावं, सगळं त्यात. तुमच्या आईला ते वाचायला वेळ होत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात सगळा वर्ग रात्रीच्या कपड्यांत गेला आणि एकटा आरव इस्त्रीचा शर्ट घालून. तर ती म्हणाली, "आई, तुला पाठवू का ते पत्र? तू वाचून चार ओळींत कळवत जा. तुला सवय आहे."

मी म्हटलं, "नाही."

मी एवढ्या चटकन कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही. ती घाबरून म्हणाली, "तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. तिला म्हशीची ही गोष्ट ठाऊकही आहे, पण ती तुमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेली. (त्यांच्या गोष्टीत म्हशी चार आहेत. खरं तर एकच होती. एकच पुरली.)

तेव्हा तुमची मामेबहीण गार्गी इथे आमच्याजवळ कोल्हापुरात सातवीत होती. आता ती पुण्याला कॉलेजात आहे आणि बोलायला लागली की फोन ठेवत नाही. पण सातवीतली गार्गी वर्गात तोंडच उघडत नसे. घरात चुरूचुरू बोलायची, गल्लीत भांडायची, पण वर्गात बाईंनी उभं केलं की डोळे फरशीला आणि ओठ बंद. मोरेबाई तिच्या वर्गशिक्षिका. त्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, "आजी, हुशार आहे हो पोरगी. या सत्रात एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर बोलली ना, तर पुढचं सगळं सोपं होईल. नाहीतर हे असंच घट्ट बसेल." तेव्हापासून माझ्या डोक्यात तेवढंच होतं. गार्गी एकदा बोलली पाहिजे.

तुमचा मामा आणि मामी दोघंही नोकरीला जायचे, त्यामुळे शाळेच्या सूचना हे खातं माझ्याकडे होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी मोरेबाई वर्गाच्या ग्रुपवर पुढच्या आठवड्याची सूचना टाकत. बाई प्रेमळ, सूचनाही प्रेमळ. 'प्रिय पालकहो, सस्नेह नमस्कार' इथपासून सुरुवात, मग हवामान, मग मुलांच्या गोड गमती, मग एक सुविचार, आणि मध्येच कुठेतरी 'मंगळवारी कंपासपेटी आणावी'. पालक शोधून शोधून दमत.

आता माझी सगळी नोकरी कचेरीत टिपणी लिहिण्यात गेलेली. जाडजूड फाइल साहेबांच्या टेबलावर कधी जायची नाही. माझी अर्ध्या पानाची टिपणी जायची. त्याआधी इंग्रजी शाळेत संक्षेपलेखनाचं बक्षीस मिळालेलं. मला ती सूचना बघवेना. मी तिचा संक्षेप करून ग्रुपवर टाकायला लागले. 'सोम : गणवेश पांढरा. मंगळ : कंपासपेटी. गुरु : डब्यात मोड आलेली कडधान्ये.' बस्स!

पालक खूश! "आजी, तुमचं थोडक्यातलं आलं की मगच आम्ही मोबाईल उघडतो," असं एका आईने लिहिलं. महिन्याभरात बाईंची मूळ सूचना कोणी वाचेनासं झालं. (मी वाचत होते. एकदाच. संक्षेप झाला की मीसुद्धा माझाच संक्षेप बघायची. मूळ मजकुरापेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास होता.)

अशातच एका शुक्रवारी सूचना आली. 'पुढच्या शनिवारी आपण "आमचा लाडका प्राणी" हा आनंददायी उपक्रम घेणार आहोत. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आवडत्या प्राण्याचे सुंदरसे चित्र अथवा छायाचित्र आणावे व त्याविषयी माईकवरून मराठीत थोडे बोलावे.' चित्रांना गुण द्यायला गावातले एक निवृत्त चित्रकला शिक्षक येणार होते, त्यांच्या स्वभावाचं कौतुक पुढच्या चार ओळींत होतं.

संक्षेपाचा नियम असा की विशेषणं, उदाहरणं आणि पर्याय गाळायचे. 'आनंददायी' गाळलं. 'सुंदरसे' गाळलं. 'चित्र अथवा छायाचित्र' हा पर्याय दिसला, गाळला. पाहुण्यांचा स्वभाव तर केव्हाच गेला. उरलं ते ग्रुपवर टाकलं : 'शनि, सकाळी ९ : आवडता प्राणी आणावा. मराठीत बोलावे.'

तुमच्या आजोबांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. "पोरानं बोलायचं का प्राण्यानं?"

"कळायचं त्याला कळतं," मी म्हटलं.

ग्रुपवर एका बाबांनी विचारलं, 'आजी, खराखुरा प्राणी का?' मी टिपणीच्या थाटात उत्तर दिलं, 'सूचनेप्रमाणे.' पुढे कोणी विचारलं नाही. कोल्हापूरकरांना एवढं पुरतं. इथे माणसाला हौस करायला कारण लागत नाही. परवानगी मिळाली की झालं!

इकडे गार्गी रडवेली. "आजी, आपल्याकडं प्राणीच न्हाय की. आणि मी बोलणार न्हाय. मी घरात थांबतो." (कोल्हापूरच्या मुली 'मी जातो, मी थांबतो' असंच म्हणतात. मी तिला सुधारायचा प्रयत्न सोडून दिला होता.)

"तू बोलतेस कोणाशी सगळ्यात जास्त?" मी विचारलं.

ती म्हणाली, "राणीशी."

राणी म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या तुकाराम गवळ्याची म्हैस. संध्याकाळी आम्ही दोघी किटली घेऊन दुधाला जायचो. तुकाराम धार काढायचा आणि गार्गी राणीच्या कानापाशी उभी राहून शाळेतलं सगळं तिला सांगायची. कोण कोणाशी बोलत नाही, गणिताच्या पेपरात काय झालं, सगळं. राणी रवंथ करत ऐकायची. मला वाटलं, झालं! राणी शेजारी असली की ही बोलेल. कोणाकडे बघायचंच नाही, राणीला सांगायचं. माझी युक्ती मलाच इतकी आवडली की मी तशीच चप्पल घालून निघाले.

"राणी शाळंत?" तुकाराम हातातली वैरण खाली ठेवून म्हणाला. "काकू, अवो म्हस हाय ती! मॉनिटर न्हाय!"

"अर्ध्या तासाचं काम आहे, तुकाराम. गार्गीसाठी."

"गार्गीसाठी व्हय? मग साधी कशी न्यायची? पाडव्यागत नटवून आणतो की!"

आता तुम्हाला पाडव्याचं सांगायला हवं. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गवळी आपापल्या म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मोरपिसं. आणि मालक पुढे मोटारसायकलवर, सायलेन्सर काढून, कानठळ्या बसवत, आणि म्हैस त्या आवाजामागे चौखूर! ज्याची म्हैस मालकाच्या गाडीमागून हटत नाही, त्याची गावभर वाहवा. राणीचं या बाबतीत मोठं नाव होतं. हे मला पुरेपूर ठाऊक होतं. मी दर पाडव्याला गच्चीतून टाळ्या वाजवायची.

शनिवारी सकाळी राणी दारात आली. शिंगं एक लाल, एक पिवळं. गळ्यात गोंडे, पायात घुंगरं. आणि पाठीवरचे केस कातरून, रेखीव अक्षरांत लिहिलेलं : 'सातवी ब'!

"तुकाराम, हे कशाला?"

"वर्ग कळाय नगं व्हय?"

आम्ही शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा तिथे जत्रा होती. दोन शेळ्या, करडांसकट. एक कोंबडा टोपलीत. शेखांच्या नसीमबरोबर तिचे आजोबा, आणि त्यांच्या हातात कबुतरांचा पिंजरा. कोणाच्या तरी स्टीलच्या डब्यात मासा. कुत्री तर विचारू नका. आणि मोरेबाई फाटकात उभ्या, दोन्ही हात गालांवर.

"अहो, हे काय? चित्र! चित्र आणायचं होतं!"

पालक एकदम म्हणाले, "आजींनी लिहिलं होतं."

सगळा सातवी 'ब'चा पालकवर्ग, आणि बहुधा शेळ्यासुद्धा, माझ्याकडे वळून बघायला लागला. मी मोबाईल काढला, शुक्रवारची मूळ सूचना शोधली, आणि आयुष्यात पहिल्यांदा विशेषणांसकट वाचली. गार्गीने माझा पदर धरला होता. तिने तो सोडला आणि हळूच म्हणाली, "आजी, मग माझं चित्र?"

मी मोबाईल बंद केला.

"असू दे हो," शेखआजोबा म्हणाले, "आलेत तर बघू द्या पोरांना." मुख्याध्यापकही मवाळ निघाले. जनावरं मैदानाच्या कडेला बांधायचं ठरलं. राणीचं दावं तुकाराम झाडाला बांधायला गेला, आणि नेमके तेव्हाच परीक्षक आले.

परीक्षक जुन्या मोटारसायकलवर आले. तिचा सायलेन्सर फुटलेला होता.

फाटकातून तो आवाज आत शिरला आणि राणीचे कान उभे राहिले. तिच्या दृष्टीने पाडवा उजाडला! तुकारामच्या हातातून दावं सुटलं, घुंगरं खणाणली, आणि राणी निघाली परीक्षकांच्या मागे. परीक्षकांनी आरशात बघितलं. तिथे एक लाल शिंग आणि एक पिवळं शिंग होतं. त्यांनी गाडीचा वेग वाढवला. आवाज वाढला. राणीनेही वेग वाढवला!

"साहेब, गाडी बंद करा! बंद करा गाडी!" तुकाराम मागून धावत ओरडत होता. परीक्षकांना त्या आवाजात काय ऐकू येणार! लांबून एक माणूस हात हलवतोय, एवढंच दिसत होतं. त्यांना वाटलं, तो 'पळा' म्हणतोय. ते पळाले. मैदानाला एक फेरी झाली. शेळ्या सुटल्या. कोंबडा टोपलीतून बाहेर. नसीमचा पिंजरा कलंडला आणि कबुतरं मुख्याध्यापकांच्या कचेरीवर जाऊन बसली. कुत्र्यांनी राणीच्या मागे रांग धरली. तुमचे आजोबा सावलीत उभं राहून मला म्हणाले, "आता हे थोडक्यात सांग बघू!"

दुसऱ्या फेरीला मी डोळे मिटले. म्हणून आधी ऐकलं, मग बघितलं.

"सर! गाडी बंद करा! ती मारत न्हाय! तिला वाटतंय पाडवा हाय!"

मैदानावरचे सगळे भोंगे एकदम बोलले होते. मी डोळे उघडले. व्यासपीठावर, माईक दोन्ही हातांनी घट्ट धरून, गार्गी उभी होती.

परीक्षकांनी गाडी बंद केली. राणी थांबली, त्यांच्याजवळ गेली आणि पाडव्याला तुकारामाला हुंगते तशी त्यांची पिशवी हुंगून शांत उभी राहिली. मैदान चिडीचूप. आणि त्या शांततेत गार्गीच्या लक्षात आलं की सगळी शाळा आपल्याकडे बघते आहे. तिने मान खाली घातली नाही. तिने राणीकडे बघितलं.

"ही राणी," ती म्हणाली. "ही आमच्या तुकामामांची म्हस हाय. हिला मी रोज सगळं सांगतो. ही कुणाला सांगत न्हाय. म्हणून मला ती आवडते. आणि ती गाडीमागं पळते, ते चावायला न्हवं, आपला माणूस पुढं हाय असं वाटतं म्हणून."

ती मग थांबेचना! राणीला काय आवडतं, पावसात ती कशी वागते, तिचं पहिलं रेडकू कसं होतं, सगळं. मोरेबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. "आजी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला रागवायचं होतं हो मला. आता कशी रागवू?"

परीक्षकांनी घाम पुसला आणि जवळ येऊन राणीची पाठ निरखली. "अक्षराचं वळण फार सुरेख आहे," ते म्हणाले. "कोणी काढलं?"

"मीच की!" तुकाराम म्हणाला. परीक्षा त्याने दिलीच नव्हती, पण त्या दिवशी शेवटपर्यंत तो पास झाल्याच्या थाटात वावरला.

कबुतरं संध्याकाळपर्यंत उतरली. राणीच्या पाठीवरचे केस पुन्हा यायला पुष्कळ दिवस लागले. तोवर गल्लीत सगळे 'सातवी ब'चं दूध पीत होते.

आता गार्गी पुण्याला, तुम्ही कॅनडात. राणी राहिली नाही. तुकारामाचा गोठा गावाबाहेर गेला आणि दूध पिशवीतून येतं. त्या शनिवारची सकाळ आठवली की घर एकदम भरल्यासारखं वाटतं आणि मग पुन्हा रिकामं होतं.

मोरेबाई मात्र अजून सातवीला शिकवतात. शेजारच्या मुलीच्या आईने त्यांची या आठवड्याची सूचना मला दाखवली. अजून तेवढीच प्रेमळ आणि तेवढीच लांब. हवामान आहे, गोड गमती आहेत, सुविचार आहे. आणि सगळ्यात खाली, त्या शनिवारनंतरच्या पहिल्या शुक्रवारी त्यांनी घातलेली ओळ अजून तशीच आहे : 'ही सूचना कृपया कोणीही थोडक्यात करून पुढे पाठवू नये.' जन्मभर मी एवढं लिहिलं, त्यातलं काही उरलं नाही. टिकली ती ही एक ओळ, आणि ती मी लिहिलेलीही नाही.

तुमची आजी