आई काठावर नको

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी उठल्या उठल्या मी मोरीत बसून गोडेतेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे डबे घासत होते. आधी सोडा आणि गरम पाणी, मग झाकण घट्ट लावून डबा बादलीत दाबून पाहायचा. बुडबुडा आला तर डबा बाद. हे डबे मुलांच्या पाठीला बांधायचे होते. दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दोन दिवस उरले होते आणि मी माझ्या दोन मुलांना पोहायला शिकवायला माहेरी निघाले होते, जालन्याहून मंठ्याच्या पुढं, आमच्या शेतातल्या विहिरीवर.

थोरला सम्यक नऊ वर्षांचा आणि धाकटा सुमेध पाचाचा. सुमेधची काळजी नव्हती. तो डबक्यातही उडी मारतो. काळजी सम्यकची होती. मागच्या उन्हाळ्यात शहागडला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा गोदावरीच्या काठावर त्याचा पाय घसरला. पाणी त्याच्या कमरेइतकंही नव्हतं आणि माझ्या नवऱ्यानं, विलासनं, त्याला लगेच उचललं. पण तो मनातून घाबरला तो घाबरलाच. नंतर शाळेची सहल धरणावर निघाली तेव्हा त्याचं पोट दुखलं. पावसाळ्यात रस्त्यावर घोटाभर पाणी साचलं की तो उभ्या जागी थिजायचा. मुलाला भीती वाटते याचं मला काही नाही. मला पालीची वाटते. पण पालीशिवाय माणसाचं चालतं, पाण्याशिवाय चालत नाही. आणि ही भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालली होती.

दुकानं उघडल्यावर जुन्या जालन्यात दोर घ्यायला गेले. अरुंद गल्ली, धान्याची पोती उतरवणारे हमाल, त्यातून वाट काढणाऱ्या ऑटो. दुकानदार शेठजींनी विचारलं, "कशाला पाहिजे ताई, गाईला का म्हशीला?"

"मुलांना."

"बराबर," ते माझ्या दोघांकडं बघत म्हणाले, "मंग जरा जाडच देतो."

बसमध्ये खिडकीजवळ सुमेध, मध्ये मी, पलीकडच्या बाकावर सम्यक. त्याच्या शेजारी एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मांडीवरचे डबे बघितले.

"रिकामेच डबे नेऊन राह्यलीस का माय? तेल कुठंय?"

"तेल नाही आजी. पोरांना पोहायला शिकवायचंय. पाठीला बांधायला नेतेय."

"आमच्या टायमाला भोपळा ऱ्हायचा. वाळलेला. तो फुटला की पोरगं आपसूक शिकायचं." त्या खूप हसल्या आणि मग सम्यककडं हनुवटी करून म्हणाल्या, "हा भिऊन राह्यला."

"कशावरून?"

"डब्याकडं पाठ करून बसला ना."

जालना मागं पडलं की थोडा वेळ मोसंबीच्या बागा दिसतात, मग सगळा कापूस. वेचणीचे दिवस होते. बायका डोक्याला फडकी बांधून ओळीनं पुढं सरकत होत्या. मध्येच तुरीचे पट्टे, नुकती पिवळी फुलं धरलेले. वाटूर फाट्याला बस थांबली तेव्हा सुमेधनं भजी मागितली, खाल्ली आणि मंठा यायच्या आत माझ्या ओढणीवर ओकली. दोन मुलांबरोबर प्रवास करणाऱ्या बाईनं ओढणी नेहमी गडद रंगाची घ्यावी, एवढं या निमित्तानं सांगून ठेवते.

मंठ्याहून ऑटोनं गावात पोचलो. माझा धाकटा भाऊ गौतम शेती करतो. त्याची बायको सुनीता जेवायला वाढूनच बसली होती. गरम ज्वारीची भाकरी, येसर (भाजलेल्या डाळी आणि मसाल्यांचं पीठ) घातलेली आमटी, कच्चा कांदा. जेवल्यावर अन्न जिरेपर्यंत थांबलो आणि शेताकडं निघालो.

आमची विहीर काळ्या दगडात बांधलेली आहे. एका अंगानं पायऱ्या आत उतरतात. उन्हाळ्यात त्या तळाजवळ संपताना दिसतात. यंदा पाऊस इतका झाला होता, की अर्ध्याहून जास्त पायऱ्या पाण्याखाली होत्या. वरच्या कोरड्या, मग एक ओली, मग पाण्याखालच्या हिरवट, मग नुसता अंदाज. कपारीतले पारवे आमच्या चाहुलीनं फडफडत वर गेले. सुमेधनं वाकून "ओ!" अशी हाक मारली आणि विहिरीनं ती परत दिली तेव्हा तो आनंदानं किंचाळला. सम्यक काठापासून लांब, मोटारीच्या पेटीजवळ उभा होता.

आमच्या घरात पोहायला शिकवायची रीत ठरलेली आहे. पाठीला डबा आणि कमरेला दोर बांधून भाच्याला मामानं पाण्यात टाकायचं. आणि आई काठावर नको. मूल पाण्यात पडलं की आईकडं बघतं, तिच्याकडं हात वर करतं आणि हात वर गेले की खाली जातं. म्हणून आईला गोठ्यात पाठवतात. गौतमनं मोटारीचा खटका पाडला, मी तो स्वतः तपासला, मुलांना डबे बांधले आणि गोठ्यात जाऊन म्हशीसमोर उभी राहिले.

पहिल्यांदा धप्प आवाज आला आणि पाठोपाठ सुमेधचं हसणं. मग गौतमची हाक, "आक्का, हा डबा बांधला का पार्सल? पार पोटावर आला! पोरगं उताणं फिरून राह्यलं!" सुनीताचंही हसू ऐकू आलं. डबा परत बांधला गेला. परत धप्प. मी म्हशीला कडबा टाकला.

आणि मग सम्यकचा आवाज, "नको मामा. नको. नको ना."

मी रीत मोडली. धावत गेले तर गौतमनं त्याला काखेत उचललेलं आणि सम्यकनं दोन्ही हातांनी मोटारीचा पाइप धरलेला. बोटं पांढरी पडली होती.

"सोड त्याला, गौतम."

"तू गोठ्यात जा बरं आक्का. तू आलीस की बिघडतं."

"टाकायचं नाही त्याला."

"आपल्या मामानं आपल्याला असंच टाकल्तं. मेलो का आपण?"

"हा आधीच एकदा घाबरलाय. आज टाकलास तर पुन्हा जन्मात पाण्याजवळ जायचा नाही."

गौतमनं त्याला खाली ठेवलं. "पार कुंडीतलं झाड करून टाकलंस पोराचं. मंग तूच शिकव. मी बिलकुल हात लावणार न्हाई."

भावाचं म्हणणं खोटं होतं असं नाही. बहुतेक मुलं टाकल्यावरच शिकतात. पण उद्या दुपारी परत जायचं होतं, आणि न शिकता परत गेलो तर सम्यकच्या मनात भीतीबरोबर हरल्याचंही बसणार होतं. मला ते दिसत होतं. उपाय दिसत नव्हता.

दिवेलागणीला जेवताना सम्यकनं विचारलं, "आई, तुला पोहता येतं?"

"येत होतं. लग्नानंतर पाण्यात उतरले नाही."

"का?"

"वेळ मिळाला नाही."

"म्हणजे आता येतं का ते तुलाही माहीत नाही."

"नाही."

त्यानं भाकरी चावून संपवली. "मग आधी तू."

सुनीता पदर तोंडाला लावून हसली. गौतम म्हणाला, "आता बोल आक्का."

रविवारी ऊन वर आल्यावर मी जुना पंजाबी ड्रेस घातला आणि ओढणी कमरेला घट्ट बांधली. गौतम दोर घेऊन काठावर, सुमेध सुनीताच्या कडेवर, सम्यक पाठीला डबा बांधून शेवटच्या कोरड्या पायरीवर. तो तिथं स्वतःहून जाऊन बसला होता, एवढंच मी पाहिलं. वय चव्वेचाळीस, वजन सांगण्यासारखं नाही. विचार केला असता तर उडी मारली नसती, म्हणून विचार केला नाही.

पाणी थंडगार होतं. खाली गेले, सगळे आवाज बंद झाले, कुर्त्यात हवा भरून तो छातीपाशी फुगला. मग हात आपोआप फिरले आणि मी वर आले. येत होतं. अजून येत होतं.

तेवढ्यात पलीकडच्या वावरातून आरोळी आली. "धावा रे! गौत्याची बहीण हिरीत पडली!"

कापूस वेचणाऱ्या काशीकाकूंनी फक्त एवढंच पाहिलं होतं, की एक बाई काठावर गेली आणि दिसेनाशी झाली. खेड्यात बाईनं विहिरीत उडी टाकली तर त्याचा एकच अर्थ होतो. दोनचार मिनिटांत काठावर सात-आठ माणसं गोळा झाली. एकानं गोठ्यातली बाज उचलून आणली होती, दोर बांधून खाली सोडायला.

काकू वाकून ओरडल्या, "संगे! काय गं झालं माय? जावायानं हाणलं का?"

"काही नाही काकू. पोहून राह्यले."

"ह्या वयात?" त्यांनी डोक्याला हात लावला. "मंग सांगून न्हाई का पडायचं! माझा जीव गेल्ता!"

काठावर हशा उसळला. बाज आणणारा तिच्यावरच बसला. गौतम एकेकाला समजावत होता, सुमेध काकूंना माझी नक्कल करून दाखवत होता. माझ्याकडं सगळ्यांचं लक्ष होतं आणि सम्यककडं कुणाचंच नव्हतं.

मी वळले तेव्हा तो एक पायरी उतरला होता. पाणी घोट्यापर्यंत. तो तिथं उभा राहिला, बराच वेळ, अगदी बसथांब्यावर उभं राहावं तसा. मग दुसरी पायरी. गुडघे. परत थांबला. एक हात भिंतीवर, दुसरा पाण्यावर सपाट ठेवलेला, जणू कुत्र्याच्या डोक्यावर ठेवावा. आमच्या विहिरीत पिढ्यान्‌पिढ्या मुलं वरून पडत आली. पायऱ्या होत्या, पण त्या पाणी भरायला आणि कपडे धुवायला. त्यांच्यावरून चालत पाण्यात जाता येतं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कंबर. मी बोलणार होते, "शाबास" वगैरे, पण तोंड बंद ठेवलं. काठावरचा हशा हळूहळू विरला. गौतमनं हात वर करून बाकीच्यांना गप्प केलं. छाती. आता त्याची हनुवटी वर उचललेली होती आणि डोळे माझ्याकडं नव्हते, समोरच्या पाण्यावर होते. पुढची पायरी पाण्याखाली दिसत नव्हती. त्यानं पाय पुढं टाकला आणि त्या पायाला काही लागलं नाही.

मुलांचं पहिलंवहिलं सगळं मी आजवर पाहिलंय. दोघांची पहिली पावलं, पहिला दात, शाळेचा पहिला दिवस. त्या वेळी माझ्या हातात नेहमी काहीतरी काम असायचं, रुमाल, डबा, दप्तर. या वेळी हात नुसते पाणी मारत होते आणि मी पाहत होते. पाण्यानं त्याला उचललं. अगदी अलगद, काही मोठं घडल्यासारखं न दाखवता. तो एकदा खाली गेला, नाकाशी बुडबुडे आले, वर आला, खोकला. आणि मग त्याचे पाय मागं सुटले आणि हलायला लागले, बेडकासारखे, वेडेवाकडे, पण स्वतःचे. माझ्यापासून हातभर अंतरावरून तो गेला. मी हात पुढं केला नाही. तो सरळ पलीकडच्या पाइपापर्यंत गेला आणि त्याला बिलगला.

"आई," तो धापा टाकत म्हणाला, "पाण्यात माझे पाय जडच लागत नाहीत."

वरून काशीकाकू म्हणाल्या, "हे बेनं शहाणं निघालं गं."

"उडी न्हाई मारली पण," गौतम म्हणाला, "उडीशिवाय पव्हणं आपल्यात धरत न्हाईत." उत्तर सम्यकनंच दिलं. "मामा, तू पायऱ्यांवरून येऊन दाखव." मग गौतम कपड्यांनिशी पायऱ्या उतरून पाण्यात आला, आणि त्याला ते अवघड गेलं. एकेक पायरी थांबत थंड पाण्यात शिरणं हे उडीपेक्षा कठीण असतं. पाठीला डबा बांधलेल्या सुमेधनं वरून उडी टाकून सगळ्यांच्या तोंडावर पाणी उडवलं.

दुपारी निघालो. मंठ्याला बस मिळाली, जागा मिळाली. सुमेध माझ्या मांडीवर झोपला. सम्यक खिडकीशी होता. रस्त्याकडेच्या शेतात कुठं विहीर दिसली की तो मान वळवून ती मागं पडेपर्यंत बघायचा. मी पाहत होते त्याला. इतकी वर्षं मला वाटायचं, की मुलांना वाढवणं म्हणजे त्यांना पुढची गोष्ट शिकवणं. त्या दिवशी मी त्याला काहीच शिकवलं नाही. तो आपला आपण गेला, आणि मी फक्त तिथं पाण्यात होते. एवढ्या जवळच्या प्रवासात एवढं मोठं काही बघायला मिळेल असं घरून निघताना वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी शाळेची घाई. खांदे इतके भरले होते, की कणीक मळताना दम लागत होता. सम्यक टॉवेल घेऊन मोरीत गेला. शहागडच्या त्या लग्नापासून तो दार सताड उघडं ठेवून, मी समोर उभी राहिल्यावरच अंगावर पाणी घ्यायचा. मी हात पुसत उठले आणि तेवढ्यात आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग तांब्या बादलीत बुडाल्याचा. मग पाणी पडल्याचा, डोक्यावरून. मी बंद दारासमोर जरा थांबले. मग आत गेले आणि पोळी तव्यावर टाकली.