अक्काला दाखवायचा फोटो

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको गेली पस्तीस वर्षं सांगतेच आहे. ओझरच्या विमान कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. एखादा भाग मापात केसभर जरी चुकला तरी त्याला लाल चिठ्ठी बांधायची आणि परत पाठवायचा, हेच काम मी जन्मभर केलं. 'चालतंय की साहेब' म्हणणाऱ्या माणसांशी माझं तिथेही कधी जमलं नाही. निवृत्तीनंतर नेमकी तशाच माणसांशी गाठ पडायची होती.

माझी आई मी दीड वर्षाचा असताना गेली. तिचा एकच फोटो आहे. गावात विहाराची पायाभरणी झाली त्या दिवशी काढलेला. पांढऱ्या साड्या नेसलेल्या पंचवीस-तीस बायका तीन रांगांत उभ्या आहेत, आणि दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी आई. चेहरा करंगळीच्या नखाएवढा. त्यातही पत्र्याच्या पेटीत पाणी शिरलं तेव्हा पडलेला डाग गालावरून पार कानापर्यंत गेलेला. मला आई आठवत नाही. ती आठवणारं एकच माणूस आता उरलंय, निफाडला राहणारी माझी थोरली बहीण. अक्का तेव्हा चौदा वर्षांची होती, आणि पुढे मला वाढवलं ते तिनेच.

गेल्या उन्हाळ्यात नाशिकच्या डॉक्टरांनी अक्काला काचबिंदू सांगितला. कडेचं दिसणं आधी जातं, मग मधलंही जातं, गेलेली नजर परत येत नाही, आणि तिची बरीच गेलेली आहे. थेंब नियमित घातले तर उरलेली थोडे दिवस जास्त टिकेल, एवढंच ते म्हणाले. परत येताना रिक्षात तिने पिशवीतली थेंबांची बाटली चाचपून पाहिली. मग म्हणाली, "भाऊ, आईचा फोटू मोठा करून आण. दिसतंय तवर एकदा बघून घेते."

मी हो म्हटलं. पण माझ्या डोक्यात तेवढंच नव्हतं. मला तो फोटो दुरुस्त करायचा होता, आणि दुरुस्त झालेली बाई खरंच आई आहे का हे सांगू शकणारी अक्का एकटीच होती. तिचे डोळे गेले की तपासणारं कुणीच नाही. म्हणजे तिची नजर जायच्या आत काम संपवायचं होतं, आणि तेही बिनचूक.

गंगापूर रोडवरच्या एका स्टुडिओत फोटो स्कॅन करून घेतला. त्यांनी पेनड्राइव्हवर दोन फाइली दिल्या, एक कामासाठी अवाढव्य आणि एक नुसती बघायला. घरी येऊन मी मुलीच्या कॉलेजच्या वेळचा संगणक चालू केला आणि छोटी फाइल उघडली. आईचा चेहरा पडदाभर केला. डाग, चिरा, ओरखडे, सगळं लख्ख दिसलं. बायको खांद्यामागे येऊन उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हाच दाखवून या ना अक्कांना." मी म्हटलं, अर्धवट काम मी कुणाला दाखवत नाही. हे वाक्य मी किती तोऱ्यात म्हटलं होतं ते आठवलं की आजही स्वतःचाच राग येतो.

मग फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याने संगणकात बसायलाच नकार दिला. रॅम चार जीबी, त्याला हवी निदान आठ, आणि सोळा असेल तर बरं. मी एम. जी. रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीचा, बोलायला गोड, आणि प्रत्येक प्रश्नाला त्याचं एकच उत्तर, "होऊन जाईल काका." सोळा जीबी रॅम घेऊन घरी आलो, तर ती खाचेत बसेचना. मदरबोर्ड जुन्या पिढीचा आणि रॅम नव्या पिढीची. कारखान्यात असं घडलं असतं तर मी अख्ख्या विभागाला जाब विचारला असता. दुकानदार हसून म्हणाला की मग मदरबोर्डच बदलू. मदरबोर्ड बदलला तर जुना प्रोसेसर त्यावर चालत नाही. तोही बदलला. म्हणजे रॅम घ्यायला गेलेला मी संगणक घेऊन आलो, आणि जुन्यातलं उरलं काय, तर पडदा, पत्र्याचा डबा आणि आतले पॉवर सप्लाय नि हार्ड डिस्क.

अक्का दर रविवारी फोन करायची. "झाला का रे?" मी रॅमबद्दल सांगायचो. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं, कर सावकाश." माझ्यावर कधी चिडलीच नाही ती.

हार्ड डिस्क जुनी राहिल्याने मोठी फाइल उघडायला इतका वेळ लागे की मी तोवर देवळाली कॅम्पला जाऊन भाजी घेऊन आलो असतो. डागाचा एवढासा कोपरा पुसला की पडदा पांढरा पडायचा आणि वरच्या पट्टीवर प्रतिसाद नाही असं लिहून यायचं. दोन तासांचं काम एका क्षणात पाण्यात. मग तिच्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या जातीची वेगवान डिस्क, आली. मशीन पळायला लागलं आणि मला वाटलं सुटलो. तेवढ्यात कळलं की त्या सॉफ्टवेअरमध्ये चेहरा आपोआप दुरुस्त करायची सोय आहे, पण ती नीट चालायला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागतं. दुकानदार म्हणाला होऊन जाईल. कार्ड आलं, तर ते डब्याच्या मापापेक्षा दोन बोटं लांब. मी दुकानात पट्टी घेऊन गेलो आणि त्याच्यासमोर मोजून दाखवलं. तो म्हणाला, काका, असं कुणी मोजत नाही. मी म्हटलं, मापं न घेता तू मला लांबी विकलीस कशी? काउंटरवरची बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडे वळून बघायला लागली.

मोठा डबा घेतला. त्यात कार्ड बसलं, पण काम सुरू केलं की संगणक आपोआप बंद पडायचा. कार्डाला जेवढी वीज हवी तेवढी जुना पॉवर सप्लाय देत नव्हता. हे त्याला आधी माहीत नव्हतं का? होतं. मी विचारलं नाही म्हणून त्याने सांगितलं नाही. पॉवर सप्लाय बदलायचा तर हवा तो शिल्लक नाही, मुंबईहून येईल, आज येईल, उद्या येईल, असे चोवीस दिवस गेले. मी रोज फोन करायचो आणि रोज घसा ताणून भांडायचो. बायको म्हणाली तुमचा बीपी वाढेल. वाढलाच होता.

त्या महिन्यात अक्काच्या सुनेने सहज बोलताना सांगितलं की अक्का आता चहा ओतते तो कपाच्या बाहेर जातो. मी तिला थेंब वेळेवर घाला म्हणून दटावलं आणि फोन ठेवून पुन्हा दुकानदाराला लावला.

शेवटचं भांडण मॉनिटरवरून झालं. काळापांढरा फोटो माझ्या पडद्यावर निळसर दिसायचा आणि प्रिंट काढली की पिवळट यायची. रंग खरे दाखवणारा मॉनिटर वेगळा असतो म्हणे. तोही आणला. पहिल्यात एक ठिपका मेलेला निघाला, तो मी परत केला. दुकानदार म्हणाला की एका ठिपक्याने काय होतंय. त्या माणसाला मी लाल चिठ्ठीच बांधली असती.

एकूण सात महिने गेले. पण फोटो झाला. गाल भरून आला, डाग नाहीसा झाला, कान नीट दिसू लागला. पाळीत एक उभी चीर होती ती मी स्वतः शंभर वेळा मोठी करून, आजूबाजूचे ठिपके उचलून, अगदी बेमालूम बुजवली. कुठे काय होतं ते मलाही शोधून सापडेना. चांगल्या कागदावर प्रिंट काढली, फ्रेम केली आणि निफाडला गेलो.

अक्का ओट्यावर बसली होती. पावलांचा आवाज ऐकून म्हणाली, भाऊ आला. मी तिचा हात धरून खिडकीशी नेलं आणि फ्रेम हातात दिली. तिने ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, उजेडाकडे तिरकी केली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. इतकी वर्षं मी लोकांचं काम तपासलं, आज कुणीतरी माझं तपासत होतं.

"बाई छान हाय," ती म्हणाली. "कोण हाय ही?"

मी म्हटलं आई आहे. ती हसली नाही. फ्रेमवर बोट फिरवत राहिली. म्हणाली मला नीट दिसत नाही, माझंच चुकत असेल. मग बोट काचेवर एका जागी थांबवून तिने विचारलं, "हा कान हाय ना? याची पाळी फाटकी होती."

मी म्हटलं ती फोटोला गेलेली चीर होती, मी बुजवली.

"चीर नव्हती रे. तू मांडीवर असताना आईच्या कानातलं धरून वढलं होतंस. पाळी पार फाटली होती. लय रगत आलं होतं. तुला वाईट वाटंल म्हून कधी बोलले नाय."

 खिशात किल्ल्यांच्या जुडग्याला स्टुडिओवाल्याचा तो पेनड्राइव्ह अजून अडकवलेला होता. त्यात मूळ फोटो आहे, पण तो बघायला माझा संगणक लागेल, उद्या गाडी करून सगळं घेऊन येतो, असं मी काहीबाही बडबडायला लागलो. सून स्वयंपाकघरातून हात पुसत आली. म्हणाली, "मामा, टीव्हीला लागतो की पेनड्राइव्ह. आम्ही लग्नाचे फोटो तसेच बघतो."

मी जुडगा बाहेर काढला तसा तिने त्यातला पेनड्राइव्ह सोडवून घेतला, टीव्हीच्या मागे खोचला आणि रिमोटची दोन-तीन बटणं दाबली. बघायला दिलेली ती छोटी फाइल उघडली आणि मी सांगितलं तसा दुसऱ्या रांगेतला चौथा चेहरा मोठा केला. सात महिन्यांपूर्वीचा आईचा चेहरा, डागासकट, चिरांसकट, अक्काच्या घरातल्या टीव्हीवर. हा टीव्ही चार वर्षांपासून इथेच होता. फोटो स्कॅन झाला तेव्हा अक्काला त्यावरच्या बातम्यांच्या पट्ट्या वाचता येत होत्या.

तिला आम्ही खुर्चीवर टीव्हीच्या अगदी जवळ बसवलं. लहान ठेवला की तिला नुसतं धुकं दिसायचं, आणि मोठा केला की समोरचा तळहाताएवढा तुकडाच दिसायचा. म्हणून मी रिमोट घेतला आणि फोटो मोठा करून हळूहळू सरकवू लागलो. कान आला. फाटकी पाळी आली. अक्काने पुढे होऊन पडद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हां. आई."

मग ती सांगत गेली आणि मी सरकवत गेलो. नाक दाव. कुंकवाची जागा दाव. आता डोळे. प्रत्येक तुकड्यापाशी ती थांबायची, मान हलवायची. हनुवटीपर्यंत गेलो तोवर तिला डोळे परत बघावेसे वाटले, तसा मी पुन्हा वर गेलो.

"समदी एकदम नाय का व्हत?" तिने विचारलं.

मी फोटो लहान केला. पडद्यावर आईचा अख्खा चेहरा आला. अक्का अंदाजाने पडद्याच्या दिशेने बघत राहिली. तिला दिसत नव्हतं. मला सगळं दिसत होतं, आणि त्या बाईला मी ओळखत नव्हतो.

"डोळेच ठेव मग," अक्का म्हणाली. मी पुन्हा मोठा केला.