लाइट गेली म्हणजे कुठली

काचेच्या तारांच्या केबली जोडणाऱ्या त्या माणसाला ऑफिसात सगळे 'टोपण' म्हणत. केबलीचं टोक उघडं दिसलं की याचा जीव वर-खाली. उजेड सोडणारं मॉड्यूल असो नाहीतर उजेड कमी करणारा बोटभर ॲटेन्युएटर, हातातून खाली ठेवला की त्यावर टोपण बसलंच पाहिजे. "टोकाला बोट नको, टोकात डोळा नको," असं तो इतक्या वेळा बजावायचा की लोक त्याला लांबून बघूनच वाट बदलत.

या केबलीतला उजेड डोळा जाळतो, पण दिसत नाही, हीच तर खरी मेख. दिसत नाही म्हणून शहाणी माणसं वाकून बघतात. टोपण आधी टोकाला उजेड मोजायचा मीटर लावायचा, मगच बघायचं भिंग.

त्या दुपारी लाइन बंद पडली होती आणि साहेब डोक्यावर बसले होते. टोपणने पुसायला ॲटेन्युएटर काढला, त्याला टोपण घातलं आणि केबलीच्या दुसऱ्या टोकाशी, पलीकडच्या इमारतीत असलेल्या मेहुण्याला फोन लावला. त्याला कामाला यानंच चिकटवलं होतं.

"लाइट बंद आहे ना रे?"

"बंदच आहे भावोजी, मघाशीच गेली."

घरचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर मीटर कशाला? टोपणने भिंग सरळ डोळ्याला लावलं. तिकडे मेहुणा पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता. गेली होती ती खोलीतली वीज. केबलीत उजेड सोडणारं मशीन बॅटरीवर ठणठणीत चालू होतं.

दुखलं काहीच नाही. घरी आल्यावर डावा डोळा चोळता चोळता त्यानं बायकोकडे बघितलं, तर उजव्या डोळ्याला तिचे केस दिसले, कानातले दिसले, मधला चेहराच नव्हता.

"हा डाग आता राहणार," डॉक्टर म्हणाले. "यावर उपाय नाही."

रागवायचं तरी कोणावर? मेहुणा खोटं कुठे बोलला होता! तो बिचारा रोज संध्याकाळी यायचा, चहा गार होईपर्यंत बसायचा आणि जायचा.

एकदा तो असाच बसलेला असताना दिवा गेला.

"काय झालं रे?" आतून त्याच्या बहिणीनं विचारलं.

"ला..." म्हणून तो अडखळला. मग म्हणाला, "अंधार झालाय, ताई." आणि हुंदके देऊन रडायला लागला.

टोपणला त्याची समजूत घालायची होती. त्यानं अंधारात चाचपडत मेहुण्याचा चहा पुढे ओढला आणि कपावर बशी झाकून ठेवली.