रहिमतबीनं कापूस शिजवला

पाटणच्या बाजारपेठेमागच्या आळीत जाऊन तुम्ही कधी पिंजाऱ्याचं घर विचारलं असेल, तर लोकांनी तुम्हालाच उलटं विचारलं असणार, "कुठलं? कापूस शिजवला त्या बाईचं?" आणि वर खुशाल हसलेही असणार. हसू द्या. हसणाऱ्याचं काय जातंय? त्या आळीतली निम्मीअर्धी पोरं पुढं रहिमतबीच्या हातच्या गाद्यांवर कोरडी झोपली, हे मात्र हसताना कुणी सांगत नाही.

रहिमतबी ही जाफर पिंजाऱ्याची बायको. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. केसांत बारा महिने कापसाचे तंतू अडकलेले, त्यामुळं ऐन तारुण्यातही म्हातारी दिसायची. जाफर धनुकीनं कापूस पिंजायचा आणि ती गाद्या-उशा शिवायची. नवरी होऊन आत आली त्या दिवशी सासूनं तिला एकच गोष्ट बजावली होती, की बाकी काय वाटेल ते कर, पण कापसाला पाणी लागू देऊ नकोस. भिजला की कापूस गोळा होतो, त्याचा जीव जातो. पावसाळ्यात कोयनेच्या खोऱ्यात पिंजाऱ्याचा धंदा बंद असतो तो याच भीतीनं. पोती माळ्यावर चढवायची, वर ताडपत्री टाकायची आणि दिवाळीची वाट बघत बसायचं. रहिमतबी तर हात ओले असले तर पोत्याच्या अंगावरूनही जायची नाही.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात तिची लेक रुक्सार बाळंतपणाला माहेरी आली. सासर सांगलीचं. जावई मोहसीन तिथल्या हळदीच्या पेठेत टेम्पोवर होता. दिवस भरायच्या कितीतरी आधीच रुक्सार मोकळी झाली. पोरगा झाला. नाव ठेवलं नजीर. नाव मोठं आणि जीव एवढासा, की जाफरनं पहिल्यांदा बघितला तेव्हा हात पाठीमागं बांधले. "मी न्हाई घेणार बाबा," म्हणाला, "माझे हात लाकडावाणी हायती."

आता पाटणचा श्रावण काय असतो ते पाटणकरांनाच ठाऊक. आठ-आठ दिवस ऊन म्हणून दिसत नाही. बाळाची लंगोटं धुवायची, पिळायची, चुलीवरच्या दोरीवर टाकायची, आणि ती तिथंच आंबट वासानं लोंबत राहायची. वाळायच्या आधीच दुसरी ओली व्हायची. ओलसर लंगोट, त्याला चुलीचा धूर, आणि खाली सायीसारखी कातडी. पंधरवड्यात नजीरच्या मांड्या लाल झाल्या, मग सोलून निघाल्या. मुतला की असा किंचाळायचा की शेजारच्या बेकरीतला बाळासो पीठ मळता मळता थांबायचा.

मोहसीननं टेम्पोवाल्या दोस्ताकडून पुण्याहून प्लॅस्टिकची तयार लंगोटं मागवली. पोराचं ढुंगण त्या प्लॅस्टिकमध्ये घामानं अजूनच उकडून निघालं. एक वापरलेलं लंगोट कुत्र्यानं ओढत नेऊन गटारात टाकलं, ते पावसात फुगून भोपळ्याएवढं झालं आणि आळीभर चर्चेचा विषय झालं. रहिमतबीनं उरलेली चारही पुडक्यासकट परत पाठवली.

सरकारी दवाखान्यातली नर्सबाई घरी येऊन बघून गेली. चांगली बाई होती, खोटं बोलली नाही. "आज्जी, मलम देते मी," म्हणाली, "पण मलमानं काय होणार, खालून ओल राहिली तर? कातडी कोरडी ठेवा. जखम आत उतरली तर कराडला न्यावं लागेल. आणि एवढ्याशा जिवाला सलाईन लावायची म्हटलं तर शीरसुद्धा सापडायची नाही." एवढं बोलून ती छत्री उघडून निघून गेली. रुक्सार भिंतीकडं तोंड करून बसली. तिला रडायचंही त्राण नव्हतं.

कोरडं ठेवा! पिंजाऱ्याच्या घराला हे कुणी सांगायला हवं? रहिमतबी तडक माळ्यावर चढली आणि आपल्या घरातली सगळ्यात भारी वस्तू घेऊन खाली आली. सावरीचा कापूस! शिरीमंतांच्या उशीत भरतात तो, रेशमासारखा. मोठ्या गिऱ्हाइकासाठी जपून ठेवलेला. जुन्या मलमलच्या ओढणीचे तुकडे काढले, त्यात सावरी भरली, कडेनं कच्चे टाके घातले. तळहाताएवढी गादी झाली. मग लंगोटाला आतून खिसा शिवला आणि गादी त्या खिशात सरकवली. गादी भरली की फेकायची आणि दुसरी घालायची, लंगोट तेवढं धुवायचं. जाफरची छाती फुगली. "माझा नातू सावरीवर मुततोय," म्हणाला, "हाय का कुणाची टाप?"

पण सावरीनं दगा दिला. पाणी तिच्यात शिरेचना! सगळं मूत गादीवरून ओघळून मांड्यांत उतरलं आणि पोर आधीपेक्षा जास्त भिजलं. त्या दिवशी नजीरचा आवाज रडून रडून बसला. रहिमतबीला वाटलं, आपण पोराच्या जखमेवर स्वतःच्या हातानं मीठ चोळलं. मग तिनं नेहमीचा कापूस घेतला, ताजा, पांढराशुभ्र. तरी तेच. तिनं रागानं कापसाचा पुंजका पाण्याच्या तांब्यात टाकला. तो वर तरंगत राहिला, बदकासारखा ऐटीत. ती बोटानं दाबायची, तो परत वर. जन्मभर ज्या कापसाला पाण्यापासून वाचवत आली, त्या कापसाला पाणी नकोच होतं! "मग आमी कुणाला जपत हुतो रं?" असं ती त्या पुंजक्यालाच विचारत बसली.

तेवढ्यात मागच्या दारात जाफर अंघोळ उरकून कुरकुरत होता. "ह्यो नवा टॉवेल कशाला काढलास? अंगावरनं पाणी नुसतं फिरवतोय. दोन-चार धुण्यात पडल्याबिगार काय कामाचा न्हाई."

रहिमतबी उठली. नवा टॉवेल पुसत नाही, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाळाला पहिलं कापड जुनं घ्यायचं, कुणा म्हाताऱ्याच्या धोतराचं घ्यायचं, हेही तिच्या हातांना पाठ होतं. का, ते तिनं कधी विचारलं नव्हतं. जुनं कापड म्हणजे धुतलेलं कापड. टॉवेल कापसाचा, धोतर कापसाचं. मग कापसालाच धुतलं तर?

सासू मरून जमाना झाला होता, तरी तिनं एकदा दाराकडं बघून घेतलं. मग मोठं पातेलं चुलीवर चढवलं, पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, डोळे मिटून "बिस्मिल्ला" म्हणाली आणि हातातला कापूस आत सोडला.

जाफर आत आला आणि उंबऱ्यातच थिजला. "रुक्सारची अम्मा! येडी झालीस व्हय? कापूस शिजवतीस?"

"शिजवते. जेवायला बसा, वाढते."

"पिंजाऱ्याची अवलाद हाय मी! माझ्या धनुकीला असला मेलेला कापूस लागायचा न्हाई, सांगून ठेवतो," असं म्हणून तो तरातरा बाहेर गेला आणि पावसातच उभा राहिला. तासाभरात आळीला बातमी. बायका पाणी मागायच्या निमित्तानं येऊन पातेल्यात डोकावून गेल्या. एकीनं तर मीठ घातलं का म्हणून विचारलं. रहिमतबीनं तिला असं काही उत्तर दिलं, की ते इथं लिहिता येत नाही.

पातेल्यातलं पाणी चहासारखं तांबूस झालं. एवढ्या पांढऱ्या कापसातून हे कुठून निघालं? पाण्याला आत येऊ न देणारं कापसाच्या अंगचं तेल सोड्यानं सुटलं होतं, पण तिला ते काय ठाऊक? तिनं ते ओतलं, कापूस पुन्हापुन्हा धुतला, जिभेला लावून सोड्याची चव गेली का ते बघितलं. वाळवायचा प्रश्न होता. बाळासोच्या बेकरीची भट्टी पाव निघाल्यावरही वरून कोमट राहायची. त्यानं आधी लंगोटं वाळवायला साफ नकार दिला होता, गिऱ्हाईक पळंल म्हणून. पण हा कापूस स्वच्छ होता. "टाक मामी," म्हणाला, "पावाला काय हुतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी कापूस कोरडा ठक्क झाला.

रहिमतबीनं त्यातला एक पुंजका तोडला आणि तांब्यातल्या पाण्यावर ठेवला.

बुडाला! ठेवला आणि क्षणात बुडाला. दाबायला लागलं नाही, काही नाही. पाण्यानं त्याला हाक मारावी आणि तो निघून जावा, तसा तळाला जाऊन बसला. तिनं दुसरा टाकला. तोही गेला. ज्या वस्तूत ती जन्मभर कोपरापर्यंत हात घालून बसली होती, तिच्या पोटात एवढी तहान होती आणि कुणाला पत्ता नव्हता. "या अल्ला," ती पुटपुटली, "काय काय करून ठेवलंयस तू." कितीतरी वेळ ती पुंजके टाकत बसली, लहान पोरीसारखी. आणि मग पोराच्या किंचाळण्यानं भानावर आली.

पण शिजलेला कापूस वाळून खडे झाला होता. तो गादीत भरायचा तर पिंजायला हवा, आणि जाफर तर शपथ घेऊन बसलेला. रहिमतबीनं विनवणी केली नाही. तिला ते जमतच नव्हतं. ती ओसरीवर बसली आणि बोटांनी एकेक गोळा फोडायला लागली. नखं दुखायला लागली. आत पोर रडत होतं. जाफर समोर बिडी घेऊन बसलेला, ती ओढायचं विसरून. शेवटी त्यानं बिडी फेकली. "सरक," म्हणाला. खुंटीवरची धनुकी काढली, तिच्या ताणलेल्या दोरीला, तातीला, बोट लावून बघितलं, आणि पहिला टणत्कार घुमला. पावसाळ्यात त्या घरातून तो आवाज आळीनं पहिल्यांदाच ऐकला. मेलेला म्हणून नाकारलेला तो कापूस तातीवरून असा उडायला लागला, की जाफर स्वतःच हात थांबवून बघत राहिला. "हलका हाय गं," म्हणाला. "ताज्यापरास हलका हाय." त्याच्या तोंडून निघालेली ही मोठी माफी होती, आणि तिनं ती घेतली.

वापरलेल्या गाद्यांचं काय करायचं, हा वेगळाच घोळ झाला. पोराची घाण बाहेर टाकली आणि कुणी उचलून काही करणी केली तर? म्हणून रहिमतबी त्या पिशवीत बांधून खाटेखाली ठेवायला लागली. दोन दिवसांत घरात नाक देववेना. पलीकडच्या परड्यातली मुक्ताबाई वास कुठला म्हणून बघायला आली आणि पिशवी बघून कपाळावर हात मारून घेतला. "आवं भाभी, आमच्या सासऱ्यानं छप्पन साली बुद्ध झाल्यावर ही देवदेवस्की समदी नदीत सोडली. तुमी अजून खाटंखाली बांधून ठेवताय? द्या हिकडं, माझ्या केळीला खत हुईल." तिनं परड्यात खड्डा काढला. गादी टाकायची, वर शेण, वर राख, वर पालापाचोळा.

पुढं दिवाळी झाल्यावर मुक्ताबाईनं तो खड्डा उकरला, तेव्हा रहिमतबी मुद्दाम बघायला गेली होती. मलमल नाही, टाके नाहीत, कापूस नाही. नुसती काळी, भुसभुशीत माती. तिनं मूठभर उचलून हुंगली. वाससुद्धा नाही. "कुठं गेलं वो एवढं सगळं?" ती विचारत राहिली आणि मुक्ताबाई हसत केळीकडं बोट दाखवत राहिली. पण ते सगळं नंतरचं. त्या श्रावणात खड्ड्यातल्या गाद्यांचं काय होईल आणि पोर वाचेल का, यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

शिजल्या कापसाच्या गाद्या सुरू झाल्या तरी पहिले दोन दिवस नजीर रडतच होता. जुन्या जखमा होत्या. रहिमतबी सारखी खिशातली गादी बदलायची, खोबरेल लावायची, आणि कातडीकडं बघायला घाबरायची. रुक्सार तर लंगोट सोडताना मानच फिरवायची. बाहेर जाफर पिंजत होता. रडणं आणि पिंजणं, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी जाफरचा हात थांबला. त्यानं कान दिला. पावसाचा आवाज होता, बेकरीत कुणीतरी पत्रा आपटत होतं. घरातून मात्र काही येत नव्हतं.

"रुक्सारची अम्मा," त्यानं हाक मारली, "पोर गप का हाय?"

चुलीपाशी रहिमतबीच्या हातातली पळी तशीच राहिली. रुक्सार मोरीच्या दारात लंगोट पिळत होती, ती उभी राहिली आणि तिथंच खिळली. तिला आत जायचा धीर होईना. "अम्मा, तू बघ," म्हणाली. "मी न्हाई जायाची. तूच बघ."

रहिमतबी आत गेली. खाटेपर्यंतची ती चार पावलं तिला सरता सरेनात. दुपट्याखाली पोर निपचित पडलं होतं, तोंड एका बाजूला कललेलं. तिनं हात आत घातला. लंगोट बाहेरून कोरडं. बोट आत सरकवलं. गादी पाण्यानं जड झालेली, पार भरलेली. आणि वर, जिथं कातडी टेकली होती, तिथं कोरडं. तिनं लंगोट हळूच बाजूला केलं. सोललेल्या मांडीवर नवी कातडी धरली होती, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, गुलाबी. पोराचं पोट वर आलं, खाली गेलं. परत वर आलं.

ती दारापाशी आली. दोघं तिच्या तोंडाकडं बघत होते.

"झोपलंय," ती म्हणाली.

"खरं सांग."

"झोपलंय वो. कोरडं हाय. झोपलंय."

रुक्सारनं ओलं लंगोट छातीशी धरलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. आता तिला रडायला आलं, आणि पोर उठंल म्हणून ती तोंडात पदर कोंबून रडली. मग सरपटत खाटेपाशी गेली, पोराच्या पायाला हात लावला आणि तिथंच जमिनीवर आडवी होऊन झोपून गेली. किती दिवसांनी पाठ टेकली होती तिनं, कोण जाणे. रहिमतबी त्या दोघांच्या मधे उकिडवी बसली. इतकी शांतता त्या घरात तिनं कधी ऐकली नव्हती.

थोड्या वेळानं तिनं बाहेर डोकावून हलक्या आवाजात विचारलं, "अवं, संध्याकाळच्या गाद्यांचा कापूस राहिलाय. पिंजता न्हवं?"

जाफरनं धनुकी मांडीवर घेतलेली होती. तात वाजू नये म्हणून तिच्यावर तळहात घट्ट दाबून धरला होता.

"थांब जरा," तो कुजबुजला. "आवाज हुईल."